वाटेवरचा इतिहास: वाई आणि कृष्णाकाठच्या माहितीफलकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाई, मेणवली, धोम, पसरणी आणि आसपासच्या गावांतली मंडळं, देवस्थानं, शाळा आणि ग्रामपंचायती वाटेकडेला इतिहासाचे फलक लावायचं ठरवतात, तेव्हा प्रश्न साधारण हेच येतात. नव्या फलकांबरोबर वीरगळ (वीराच्या मरणाची आठवण म्हणून उभारलेले कोरीव दगड), शिलालेख आणि मैलाचे दगडही इथे घेतले आहेत. हे काम त्यांनी कितीतरी आधीपासून केलेलं आहे.

वाईत आधीच इतक्या पाट्या आहेत. नवा फलक नेमका कुठे हवा?

जिथे बघणाऱ्याला समोर काहीतरी दिसतं पण त्याचा उलगडा होत नाही, तिथे. ढोल्या गणपतीच्या दारात ‘गणपती मंदिर’ अशी पाटी लावून कुणाला काय नवं कळणार? पण देवळाच्या मागच्या अंगाला गेलात तर भिंत माशासारखी निमुळती होत गेलेली दिसते. पुराचं पाणी थेट आदळू नये, दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून ती तशी बांधली आहे. दर्शन घेऊन परत फिरणारे बहुतेक जण तिकडे फिरकतही नाहीत. फलक तिथे हवा.

दुसरा प्रकार म्हणजे डोळ्यांना काहीच विशेष दिसत नाही अशा जागा. प्रज्ञापाठशाळेवरून रोज जाणाऱ्यालाही पत्ता नसतो की नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिकायला १९१७ साली विनोबा इथे आले होते, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच घडले. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, हेही पर्यटकांना ठाऊक नसतं. अशा ठिकाणी फलक नसेल तर ती जागा बाहेरच्या माणसासाठी अस्तित्वातच नसते. निधी एकाच फलकापुरता असेल तर आमचं मत अशा जागेच्या बाजूने.

पांडवगड, वैराटगडासाठी फलक पायथ्याच्या गावात, वाट सुरू होते तिथे लावा. माथ्यावर वारा, सामान वर नेण्याचा खर्च आणि देखरेखीला कुणी नसणं, ही तिन्ही कारणं विरोधात जातात.

पाचगणीला जाणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. त्यांना वाचता येईल असा फलक कसा करायचा?

इतिहास गाडीतून वाचून होत नाही, तो नाद सोडा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. चालकाला तीन सेकंद मिळाले तरी ३३ मीटर रस्ता मागे पडलेला असतो. तेवढ्यात चार-पाच शब्द आणि एक बाण, एवढंच डोळ्यात शिरतं. म्हणून दोन वेगळे फलक करा: रस्त्यावर दिशादर्शक (‘मेणवली घाट, ३ किमी’ एवढाच मजकूर, अक्षरांची उंची १५० मिमीच्या आसपास, वळणाच्या बऱ्याच आधी) आणि प्रत्यक्ष जागेवर वाचायचा फलक. दिशादर्शकावर चित्रं, सौजन्य, घोषणा काही नको. सुरूर फाट्यापासून पसरणी घाटापर्यंत रस्त्याकडेला जाहिरातींची इतकी दाटी आहे की साधा, मोकळा फलकच उठून दिसतो.

फलकावर मजकूर किती असावा?

९०० × ६०० मिमीच्या फलकावर ६० ते ९० शब्द, फार तर १०० शब्द. त्याहून जास्त मजकूर कोंबला की अक्षर बारीक होतं आणि कुणी वाचत नाही. नमुना असा:

‘ढोल्या गणपती मंदिर. सरदार रास्ते घराण्यातील गणपतराव भिकाजी रास्ते यांनी इ.स. १७६२ मध्ये हे मंदिर बांधले. गणेशाची भव्य मूर्ती एकाच दगडातून घडवलेली आहे. तिच्या आकारावरून ‘ढोल्या’ हे नाव रूढ झाले. मंदिर कृष्णेच्या अगदी काठावर आहे. पुराचे पाणी दुभंगून जावे यासाठी मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे. ती भिंत तुमच्या समोर आहे.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. वाचणाऱ्याने मान वर करून काय बघायचं, ते त्यात सांगितलेलं आहे. ‘अतिप्राचीन’, ‘जागृत’, ‘महाराष्ट्रातील एकमेव’ हे शब्द मसुद्यातून काढून टाका. ‘एकमेव’ लिहिलं की आठवड्याभरात कुणीतरी दुसरं उदाहरण घेऊन येतं.

शके, सुहूर सन आणि इसवी सन यांचा मेळ कसा घालायचा?

सर्वाधिक चुका इथे होतात. शके वर्ष चैत्र पाडव्याला सुरू होतं. त्यामुळे चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तारखेला शकात ७८ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. शिलालेखात महिना असेल तर एकच इसवी सन निघतो. महिना नसेल तर ‘शके १६८४ (इ.स. १७६२-६३)’ असं जोडवर्ष लिहा.

उलट हिशोब करू नका. ढोल्या गणपतीसाठी १७६२ हे साल मिळतं म्हणून कुणी परस्पर ‘शके १६८४’ कोरलं, तर तो पुरावा नसलेला शक झाला. १७६२ च्या पहिल्या महिन्यांत शके १६८३ चालू होतं. जे साल पुराव्यात आहे तेच लिहा.

संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असेल तर पडताळा सोपा आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी पाहा. शके १६८४ + १२ = १६९६, बाकी १६, आणि प्रभव या पहिल्या नावापासून सोळावं नाव चित्रभानू. लेखात शक एक आणि संवत्सर भलतंच निघालं, तर बहुतेक वेळा शकातला एखादा आकडा चुकीचा वाचला गेलेला असतो. झिजलेल्या दगडावर १ आणि ९, तसेच ५ आणि ६, यांची गल्लत होते.

पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन अक्षरी येतो. ‘इहिदे खमसैन मया व अलफ’ म्हणजे १ + ५० + १०० + १००० = ११५१. त्यात ५९९ मिळवले की १७५०. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे.

पुरावा कुठे शोधायचा?

आधी जागेवर: तुळईवर, जोत्यावर, दीपमाळेवर, घंटेवर लेख आहे का ते बघा. मग सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर (१८८५ चं इंग्रजी आणि नंतरची सुधारित आवृत्ती), देवस्थानची सनद-इनामाची कागदपत्रं, पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आणि पुण्यातलंच भारत इतिहास संशोधक मंडळ. गॅझेटियरमध्ये ऐकीव माहितीही भरपूर आहे, म्हणून तिथली गोष्ट दुसरीकडे जुळते का ते पाहा. संकेतस्थळांवरची माहिती एकमेकांवरून उतरवलेली असते. दहा ठिकाणी तेच साल दिसलं तरी पुरावा एकच धरावा, कधी कधी तोही नाही.

‘विराटनगरी’, पांडव वगैरे लिहावं की नाही?

लिहावं, पण परंपरा म्हणून. वाई म्हणजे विराटनगरी ही श्रद्धा गावात जुनी आहे, पांडवगड आणि वैराटगड ही नावं तिच्याशी जोडली जातात, आणि गावकऱ्यांना ती फलकावर हवी असते. ‘अशी परंपरा आहे’ हे तीन शब्द पुरतात. ते गाळून ‘पांडवांनी बांधलेला किल्ला’ असं कोरणं चूक. दंतकथा आणि कागदोपत्री माहिती वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा, एकाच वाक्यात मिसळू नका.

मेणवलीच्या घंटेवर १७०७ आहे, आणि वसईची मोहीम तर १७३९ ची. कुठलं साल बरोबर?

दोन्ही. १७०७ हे घंटा ओतल्याचं साल. ती पोर्तुगीज चर्चची घंटा आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर अशा घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. फलकावर दोन्ही सालं आपापल्या कामासकट लिहा: ‘ओतली १७०७, वसईच्या विजयातून मिळालेली, १७३९’. नुसतं ‘१७०७ ची घंटा’ लिहिलं तर वाचणारा मेणवलीत वाडा असलेल्या नाना फडणवीसांशी त्याचा मेळ घालत बसतो, आणि नानांचा जन्मच १७४२ चा आहे. मेणवलीला निम्मे लोक चित्रीकरणाची जागा बघायला येतात. त्यांनाही ही घंटा थांबवते, म्हणून तिथला फलक नीट झाला पाहिजे.

काळ्या दगडाचं देऊळ म्हणजे ‘हेमाडपंती’ लिहिलं तर चालेल ना?

नाही. हे नाव यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यावरून आलं, म्हणजे तेराव्या शतकाशी निगडित आहे. वाईतली रास्त्यांची देवळं अठराव्या शतकातली आहेत. काशी विश्वेश्वर १७५७ चं. दगड काळा आहे एवढ्यावरून पाचशे वर्षं मागे जाता येत नाही. तसंच ‘शिवकालीन’. खात्री नसेल तर ‘मराठेकालीन’ लिहा, तीही नसेल तर काळ लिहूच नका.

फलक कशाचा करावा? ग्रॅनाइट, स्टील, की फ्लेक्स?

फ्लेक्स नको. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात कडांची रिंगं उसवतात आणि पावसाळाभर चिंध्या लोंबतात. अॅल्युमिनियम कंपोझिट शीटवर व्हिनाइल छापून लावलेले फलक सुरुवातीला देखणे दिसतात, पण थेट उन्हात दोन-तीन वर्षांत आधी लाल आणि पिवळा उडतो, मग निळसर भुतासारखं चित्र उरतं. तात्पुरत्या प्रदर्शनाला ठीक.

काळा ग्रॅनाइट, २० मिमी जाड, पॉलिश केलेला, अक्षरं २ ते ३ मिमी खोल कोरून पांढरा रंग भरलेला: हा या भागातला सगळ्यात भरवशाचा पर्याय. ९०० × ६०० मिमीची लादी साधारण २९ किलो भरते, म्हणजे दोन माणसं सहज बसवू शकतात. सोनेरी रंग भरू नका. तो आधी काळवंडतो आणि तिरक्या उन्हात वाचताही येत नाही. कोरणारे कुठे अक्षरामागे पैसे घेतात, कुठे चौरस इंचामागे. भाव विचारताना जोडाक्षर एक धरणार की दोन, ते आधीच ठरवा.

नकाशा किंवा रेखाचित्र हवं असेल तर ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर अॅसिड एचिंग करून घ्या. पत्रा दीड ते दोन मिमी, आणि पृष्ठभाग मॅट सांगा. आरशासारख्या पत्र्यात वाचणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. पितळ आणि ब्राँझ दिसायला सुंदर, पण भंगाराला चांगला भाव असल्याने उघड्यावर टिकत नाहीत.

कोरून आलेल्या मजकुरात चुका असतातच. त्या कशा टाळायच्या?

चूक बहुधा कारागिराची नसते. मजकूर युनिकोडमध्ये पाठवला जातो, डीटीपीवाला तो जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित करतो आणि तिथे अक्षरं फुटतात. ‘कृष्णा’ची ‘क्रुष्णा’ होते, रफार एक अक्षर पुढे सरकतो, ‘र्‍य’ची ‘र्य’ होते, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसते. क्रम असा ठेवा:

१. मजकूर अंतिम झाल्यावरच द्या. फोनवरून ‘तेवढा एक शब्द बदला’ बंद.
२. डीटीपीवाल्याकडून अक्षरांचं कर्व्हमध्ये (फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेषाकृतींत) रूपांतर झाल्यानंतरची पीडीएफ मागा. त्याआधीची तपासून उपयोग नाही.
३. तिची खऱ्या मापाची कागदी प्रत काढून भिंतीवर चिकटवा आणि दीड मीटरवरून वाचा.
४. मजकूर लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने मोठ्याने वाचावा. आकडे आणि नावं उलट क्रमाने, शेवटापासून वाचा.
५. त्याच कागदावर दोघांच्या सह्या घेऊन तो कारागिराला द्या.

मूळ अक्षराची उंची, वर-खालच्या मात्रा-उकार सोडून, १० ते १२ मिमी हवी. मथळ्याची ३५ ते ४० मिमी. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. बारीक, नाजूक फॉन्ट दगडात घेऊ नका. ‘ष्ठ’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या आतल्या पोकळ्या रंगाने भरून जातात. अनुस्वाराचं टिंब कोरायचं राहून जातं, ते ताब्यात घेताना बोटाने चाचपून बघा.

पाया किती खोल? उंची किती?

दोन खांबांच्या फलकाला प्रत्येकी ४५० × ४५० मिमी आणि ६०० मिमी खोल खड्डा. काँक्रीट १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी). दोन्ही खड्ड्यांना मिळून पाव घनमीटरच्या आत माल लागतो, म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या. खांब ६० × ६० मिमी गॅल्व्हनाइज्ड चौकोनी नळीचे, वरचं तोंड झाकण वेल्ड करून बंद. ते उघडं राहिलं तर नळीत पावसाचं पाणी साठतं आणि खांब आतून, जमिनीलगत सडतो. बाहेरून रंग ठणठणीत असतो आणि एके दिवशी फलक आडवा पडलेला सापडतो. पायाचा माथा जमिनीच्या ५० मिमी वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा, त्याआधी लादी चढवू नका.

लादीची खालची कड जमिनीपासून साधारण ९०० मिमीवर ठेवली तर मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्यांनाही वाचता येतं. समोर दोन माणसं उभी राहतील इतकी सपाट जागा, रस्त्याच्या डांबरापासून दूर, असायलाच हवी. शक्यतो फलकाचं तोंड उत्तरेकडे करा. तिरका, मेजासारखा फलक घाटावर टाळा. त्यावर पक्ष्यांची विष्ठा आणि पाणी दोन्ही साचतं.

घाटावर पुराचं काय?

वाईच्या घाटांवर खांब रोवूच नका. फरसबंदी फोडावी लागते, आणि पुरात ओंडके, झुडपं खांबांना अडकून लोट अडतो, मग फलकासकट दगडही उखडतो. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा (साधारणपणे २५ वर्षांतून आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) नगरपालिकेत बघायला मिळतात. खांबाचा फलक निळ्या रेषेच्या वरच घ्या. घाटावर हवाच असेल तर अलीकडच्या काळात बांधलेल्या भिंतीवर सपाट बसवा. जुन्या घडीव दगडात भोकं पाडू नका.

कामाची वेळही बघा. कृष्णाबाईचा उत्सव हिवाळ्याच्या शेवटी एकेका घाटावर एकापाठोपाठ असतो, तेव्हा मांडव पडतात. उत्सव आटोपल्यावर आणि मृगाआधी काम उरका.

परवानगी कुणाची लागते?

जागा कुणाची, यावर ते ठरतं. गावातल्या रस्त्याला नगरपालिका, राज्यमार्गाला सार्वजनिक बांधकाम विभाग, देवळाच्या आवारात देवस्थान, वाड्यावर मालक. गडाच्या वाटेवर जमीन वन विभागाची की खासगी, ते सातबाऱ्यावर बघा. वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली असेल तर १९५८ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती लागू होते: १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा राज्याचा कायदा आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग. वास्तू संरक्षित नसली तरी पुरातत्त्व विभागाला पत्र द्या. पुढे वाद झाला तर ते पत्र कामी येतं.

अर्जाला जोडायच्या गोष्टी: जागेचा फोटो, त्यावर फलकाची जागा खुणेने दाखवलेली, अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीने पाच स्थळांपर्यंत (एवढ्याने जागा साधारण मीटरभरात नक्की होते), पायाचं चित्र, मजकुराची छापील प्रत आणि देखभाल कोण करणार याचा ठराव. शेवटची गोष्ट नसेल तर अर्ज रेंगाळतो, आणि तसा तो रेंगाळलेला बराच.

देणगीदाराचं आणि नेत्यांचं नाव कुठे टाकायचं?

मागच्या बाजूला, किंवा तळाच्या एका ओळीत मूळ मजकुराच्याच मापात. देणगीदाराचं नाव मथळ्यापेक्षा मोठं असलेले फलक इतके झालेत की लोक त्यांना जाहिरातच समजतात. पदावरच्या नेत्याचं नाव दर्शनी बाजूला असेल तर आणखी एक अडचण येते: निवडणुकीची आचारसंहिता लागली की असे फलक झाकले जातात. कागद खळीने चिकटवला जातो, नंतर खरवडून काढला जातो, आणि कोरलेल्या अक्षरांतला रंग त्याबरोबर निघून येतो. उद्घाटनाची कोनशिला हवी असेल तर वेगळी, खाली, पायाजवळ बसवा.

क्यूआर कोड लावावा का?

लावा, पण तीन गोष्टी सांभाळून. कोड जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या साधारण एक दशांश मापाचा हवा, म्हणजे हातभर अंतरासाठी पाच सेंटिमीटर. भोवती मोकळी पांढरी चौकट ठेवा. चकचकीत स्टीलवर कोरलेला कोड उन्हात मोबाइलला दिसत नाही. आणि फुकट ‘डायनॅमिक’ कोड देणाऱ्या सेवा वापरू नका, मुदत संपली की दगडात कोरलेला कोड जाहिरातीच्या पानावर घेऊन जातो. स्वतःच्या पत्त्यावरचा छोटा दुवा कोरा, तो आतून हवा तिकडे वळवता येतो. फलक कोडाशिवायही पूर्ण वाटला पाहिजे.

रस्त्याकडेला शेंदूर लावलेले कोरीव दगड आहेत. ते काय असतात?

बरेचसे वीरगळ. ते खालून वर वाचायचे. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा वीराचा मृत्यू. तिथे गाई कोरलेल्या असतील तर गोधन वाचवताना आलेलं मरण. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही कीर्ती राहो. कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला एकच हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री असं चित्र, वर लेख आणि चंद्र-सूर्य असतील तर गद्धेगळ: दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. लहान मुलांनी विचारलं तर इथे शिक्षकांची तारांबळ उडते, पण शिलाहार-यादव काळातल्या दानांचा तो पुरावा आहे.

शेंदराचा थर खरवडू नका. गावाची श्रद्धा हे एक कारण, आणि थराबरोबर दगडाचा पापुद्राही सुटतो हे दुसरं. जुने थर कधी कधी आपोआप कवचासारखे गळून पडतात, तेव्हा खालचं कोरीवकाम दिसतं. तेवढ्या दिवसांत फोटो घेऊन ठेवा. ऑइल पेंट मात्र कुणालाही लावू देऊ नका. तो लागलेला असेल तर अॅसिड, पॉलिश पेपर, कटरची ब्रश-चकती, काहीही न वापरता पुरातत्त्व विभागाला कळवा.

रस्ता रुंदीकरणात वीरगळ किंवा मैलाचा दगड जातोय. काय करायचं?

पोकलेन येण्याआधी चारही बाजूंनी फोटो (शेजारी मापपट्टी धरून), जमिनीवरची उंची-रुंदी-जाडी, तोंड कोणत्या दिशेला, आणि अक्षांश-रेखांश नोंदवा. तहसीलदार, बांधकाम विभाग आणि पुरातत्त्व विभाग या तिघांना एकाच तारखेचं पत्र द्या. हलवण्याची परवानगी मिळाली तर वजनाचा अंदाज आधी काढा: १.२ मीटर उंच, अर्धा मीटर रुंद, पाव मीटर जाड बेसाल्ट म्हणजे चारशे किलोंच्या वर. उचलताना नायलॉनचे रुंद पट्टे वापरा. साखळी किंवा वायररोपने कडा फुटतात, आणि चंद्र-सूर्य नेमके कडेलाच असतात. दगड जमिनीत दिसतो त्याहून बराच खोल असतो, म्हणून हाताने खणून तळ मोकळा करा, हिसका देऊन उपटू नका. नव्या जागी पाव ते एक तृतीयांश भाग जमिनीत जाईल असा, खडी आणि वाळू ठासून उभा करा. सिमेंटमध्ये बसवू नका. ओल आत कोंडते आणि पुन्हा काढायची वेळ आली तर दगड मोडतो. तोंडाची दिशा जुनीच ठेवा.

मैलाचे जुने दगड कुणी वारसा म्हणून मोजतच नाही, त्यामुळे ते सर्वांत आधी भरावात जातात. त्यावरचे आकडे मैलांत असतात (१ मैल = १.६ किमी), म्हणून आजच्या अंतराशी जुळत नाहीत. चुकीचे म्हणून रंगवून ‘दुरुस्त’ करू नका.

शिलालेख वाचायचा आहे. पीठ किंवा खडू चोळला तर?

नको. खडूने वाचणारा आपल्याला हवं तेच अक्षर गिरवतो, आणि पुढच्या फोटोत तेच खरं दिसतं. पीठाला मुंग्या आणि बुरशी लागते. उजेड तिरका पाडा: सकाळी लवकर, किंवा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून तिन्ही फोटो घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. कागदी ठसा घेणं जाणकाराचं काम आहे. ओला कागद ब्रशने ठोकून अक्षरांत बसवायचा, तो पुरता वाळायच्या आत बोळ्याने शाई द्यायची. शाई थोडी जरी जास्त झाली तर ती कागदातून पाझरून दगडावर उतरते.

खड्डा खणताना मूर्ती, नाणी किंवा कोरीव दगड निघाला तर?

काम थांबवा, वस्तू जागची हलवू नका, फोटो घ्या, तहसीलदारांना कळवा. जमिनीत लपवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, कोरीव दगड हे १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरतात. ‘देवळात नेऊन ठेवू’ हा सगळ्यात सहज सुचणारा आणि सगळ्यात घोटाळ्याचा मार्ग.

देखभाल किती आणि कशी?

वर्षातून दोनदा: पावसाळ्यानंतर एकदा आणि उत्सवाआधी एकदा. साधं पाणी, मऊ ब्रश, हवा तर सौम्य साबण. संडासचं अॅसिड स्टीलवर कायमचे डाग पाडतं आणि दगडाच्या सांध्यातला चुना खातं. चिकटवलेली पोस्टरं कोमट पाण्याने भिजवून प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. पानाच्या पिचकाऱ्या वाळण्याआधी धुतल्या तर निघतात. नट-बोल्ट साध्या पान्याने न उघडणारे वापरा, आणि त्यांचा पाना कुणाकडे आहे ते देखभालीच्या वहीत लिहून ठेवा, कारण दुरुस्तीच्या दिवशी नेमका तोच सापडत नाही.

फलक लागला आणि नंतर साल चुकीचं असल्याचं कळलं. आता?

ग्रॅनाइटमध्ये अक्षर भरून पुन्हा कोरलं तर ठिगळ कायम दिसतं. एका ओळीपुरती चूक असेल तर त्याच रंगाच्या ग्रॅनाइटची १० मिमीची पट्टी कोरून वरून बसवा. दोन-तीन ओळी असतील तर लादी उतरवून उलटी करा आणि मागच्या बाजूने नवा मजकूर कोरून घ्या. मागची बाजू सुरुवातीलाच पॉलिश करून ठेवली असेल आणि लादी खांबांना चिकटवण्याऐवजी चौकटीत बोल्टने बसवली असेल, तर हे काम अर्ध्या खर्चात होतं. कोटेशन मागवतानाच ‘दोन्ही बाजूंनी पॉलिश’ असं लिहा.